वर्षाला 64 ऑर्डरी, मग मेंबरशिप परवडली का?

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची वार्षिक मेंबरशिप आमच्याकडे तीन वर्षांपासून आहे. नूतनीकरणाची तारीख पंधरा दिवसांवर आलीय आणि घरात वाद पेटलाय. मिस्टर म्हणतात, हे शुद्ध पैसे घालवणं आहे. कंपनी काही वेडी नाही तोट्यात माल पोचवायला. आणि एवढ्या घाईने मागवलेली खोकी दोन-दोन दिवस दाराशी तशीच पडलेली असतात. मी बसून गेल्या वर्षीच्या ऑर्डरी मोजल्या. 64 भरल्या! प्रत्येकीला डिलिव्हरीचे पैसे पडले असते तर फीच्या अडीचपट गेले असते. म्हणजे फी वसूलच झाली ना? शिवाय सासूबाई दुसऱ्या गावी एकट्या राहतात, त्यांना दर महिन्याला लागणाऱ्या वस्तू याच खात्यावरून जातात. मालिका-सिनेमे आहेत ते वेगळेच. आणखी एक भानगड म्हणजे मुलीने कपड्यांच्या एका साइटची फुकट ट्रायल घेतली होती, तिचे दर महिन्याला पैसे कापले जातायत हे परवा लक्षात आलं. वर्षाच्या ऑर्डरींची यादी सोबत जोडतेय. मोठी मेंबरशिप ठेवू की बंद करू?

— वसूलवाली

उत्तर

नमस्कार. तारीख जवळ आलीय म्हणून आधी निकाल सांगते. कपड्यांची मेंबरशिप आज, आत्ता बंद करा. मोठीचंही वार्षिक नूतनीकरण या वेळी होऊ देऊ नका, निदान तीन महिने तिच्याशिवाय काढून बघा. म्हणजे वाद मिस्टरांनी जिंकला, पण त्यांनी दिलेलं कारण मला पटलेलं नाही. त्याकडे येतेच.

तुम्ही यादी जोडलीत हे फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत नुसतं "आम्ही खूप मागवतो" एवढंच असतं आणि त्यावरून कुणालाही काही सांगता येत नाही. फी आणि डिलिव्हरीचे दर कंपनीगणिक आणि देशागणिक वेगळे असतात, म्हणून सगळ्यांना उपयोग व्हावा यासाठी तुमची वर्षाची फी 100 धरू. त्या हिशेबाने तुमच्याकडे एका डिलिव्हरीचा दर साधारण 4 पडतो. 64 गुणिले 4 म्हणजे 256. तुमचे अडीचपट इथून आले. गुणाकार बरोबरच आहे. पण या गुणाकारात तुम्ही असं धरलंय की मेंबरशिप नसती तरी तुम्ही याच 64 ऑर्डरी अशाच, एकेक करून, डिलिव्हरीचे पैसे मोजून मागवल्या असत्या. मागवल्या असत्या का? तुमचा मार्चमधला एक आठवडा बघा. सोमवारी चार्जिंगची वायर. मंगळवारी केसांच्या क्लिपा. गुरुवारी झाकणाचे डबे. आणि शनिवारी त्याच डब्यांचं एक जास्तीचं झाकण! डिलिव्हरीचे पैसे द्यावे लागले असते तर ते झाकण तुम्ही मागवलं असतंत असं मला तरी वाटत नाही.

तेव्हा यादी पेन्सिल घेऊन पुन्हा पाहिली. सासूबाईंच्या 12 ऑर्डरी बाजूला काढल्या, त्यांचा विचार वेगळा करायचा आहे. उरल्या 52. त्यातल्या 19 ऑर्डरींची रक्कम एवढी आहे की त्या दुकानात कुणालाही डिलिव्हरी फुकटच मिळाली असती. ठरावीक रकमेच्या वरच्या ऑर्डरीला डिलिव्हरी सगळ्यांनाच माफ, हा नियम बहुतेक दुकानांत असतो, आणि मेंबर झालेली माणसं तो पार विसरून जातात. त्या 19 वर तुमच्या फीने काहीही वाचवलेलं नाही. राहिल्या 33. यातल्या 7 वस्तू तुम्ही परत पाठवल्यात. जी वस्तू घरात राहिलीच नाही, तिच्या येण्याचे पैसे वाचले याला बचत कसं म्हणायचं? उरल्या 26. त्या तारखेप्रमाणे लावल्या तर थवेच्या थवे दिसतात, एकेका आठवड्यात तीन-तीन, चार-चार. आठ-दहा दिवस थांबून एकत्र मागवल्या असत्या तर 8 पार्सलांत काम झालं असतं, आणि त्यातली 5 पुन्हा त्या फुकट डिलिव्हरीच्या रकमेच्या वर गेली असती. म्हणजे डिलिव्हरीचे पैसे पडले असते ते 3 पार्सलांचे. 3 चोक 12.

256 कुठे आणि 12 कुठे. सासूबाईंच्या 12 ऑर्डरी जशाच्या तशा धरल्या तर त्यांचे 48 मिळवा, झाले 60. फी 100.

आणि ही तुमच्या बाजूने झुकून केलेली बेरीज आहे. त्या 26 मधल्या काही वस्तू मुळात घ्यायच्याच नव्हत्या, बटण दाबलं की येतात म्हणून आल्या. त्या कोणत्या ते मला यादीवरून कळणार नाही, तुम्हाला कळेल. अशा प्रत्येक वस्तूपुढे फुली मारा आणि फुल्यांची किंमत बेरीज करून फीमध्ये मिळवा. हा आकडा मिस्टरांना दाखवायलाच पाहिजे असं काही नाही.

आता मिस्टरांच्या कारणाकडे येते. कंपनी तोट्यात माल पोचवणार नाही, असं त्यांना वाटतं. उलट तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत ती नुसत्या डिलिव्हरीपुरता तोटा सोसत असण्याचीही शक्यता आहे. 64 पार्सलं दारापर्यंत आणायचा खर्च तुमच्या फीतून निघणं अवघड आहे. तरीही कंपनीला ते परवडतं, कारण फी भरलेला माणूस दुसरं दुकान उघडून बघत नाही. ॲमेझॉनने फेब्रुवारी 2005 मध्ये अमेरिकेत प्राइम सुरू केलं ते याच बेतावर. वर्षाला 79 डॉलर भरा आणि दोन दिवसांत पोचणारी डिलिव्हरी हवी तेवढी घ्या. प्रत्येक ऑर्डरीला "एवढे पैसे नुसते पोचवण्याचे?" असं म्हणून हात आखडता घेणारं गिऱ्हाईक एकदाच काय ते मोजून मोकळं होतं आणि मग वर्षभर तो विचार त्याच्या मनात येत नाही. पुढे सवय पक्की झाल्यावर फी चढत गेली. 2014 मध्ये 99, 2018 मध्ये 119, 2022 मध्ये 139 डॉलर. हे अमेरिकेतले आकडे, पण चाल सगळीकडची तीच. आधी स्वस्तात आत घ्या, मग हळूहळू वाढवा. वाढलेल्या फीची सूचना मेलमध्ये येते आणि मेल कोण वाचतंय!

खरं नुकसान तुमच्या यादीत दिसतच नाही, ते इथे आहे. तीच वस्तू दुसऱ्या दुकानात डिलिव्हरीसकट स्वस्त होती का, हे गेल्या वर्षात तुम्ही किती वेळा पाहिलंत? पत्रात त्याचा उल्लेख नाही, त्यावरून मी अंदाज बांधला आहे. फुकट डिलिव्हरी म्हणजे कुणीतरी पदरमोड करून माल पोचवतंय असं नव्हे. तो खर्च बऱ्याचदा विक्रेता वस्तूच्या किमतीतच घालतो. फुकट ते पौष्टिक म्हणताना हे ध्यानात असू द्या. पुढच्या पाच-सहा मोठ्या खरेदींच्या वेळी आणखी दोन ठिकाणची एकूण रक्कम, म्हणजे वस्तू अधिक डिलिव्हरी, शेजारी शेजारी लिहून बघा. मला वाटतं, तुमचा निर्णय तिथेच होईल.

तुम्ही सहीच "वसूलवाली" अशी केलीत आणि माझं लक्ष तिथेच अडकलं. फी एकदा भरली की ती वसूल करायची ओढ लागते, आणि वसूल करायचा एकच मार्ग असतो, आणखी मागवणं. यावर एक जुना प्रयोग आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लुमर या संशोधकांचं काम 1985 मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटं घेणाऱ्यांपैकी काहींना पूर्ण किंमत लावली, काहींना कुठलीही अट न घालता सवलत दिली. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना आले. आधीच गेलेले पैसे त्यांना नाट्यगृहाकडे ओढत होते. नाटकाला जास्त वेळा गेलात तर बिघडलं काय, चार नाटकं पाहून होतात. खरेदीत मात्र भरलेली फी वसूल करायला प्रत्येक वेळी नव्याने पैसे टाकावे लागतात. तीन वर्षांत तुमच्या ऑर्डरी वाढल्यात की तेवढ्याच आहेत, हे जुन्या याद्या काढून पाहण्यासारखं आहे.

याचा उलटा प्रकारही आहे, आणि तो तुमच्या मुलीच्या मेंबरशिपला लागू पडतो. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर यांनी 2006 मध्ये अमेरिकेतल्या जिमच्या सभासदांचा अभ्यास मांडला. महिन्याला 70 डॉलरहून जास्त भरणारे लोक जायचे इतके कमी, की त्यांना एका भेटीला 17 डॉलरहून जास्त पडत होते. त्याच जिममध्ये दहा भेटींचा पास घेतला असता तर भेटीला 10 डॉलर पडले असते. लोक स्वतःबद्दल फार आशावादी असतात, आणि नको असलेली गोष्ट बंद करायला त्यांना महिनेच्या महिने लागतात. आपोआप पैसे कापायची सोय अशा दिरंगाईवरच चालते.

मालिका-सिनेमांचं थोडक्यात सांगते. ते फुकट नाहीत, फीतच आहेत. पण त्यांची किंमत धरायची ती कंपनी सांगते ती नव्हे. "हे मेंबरशिपमध्ये नसतं तर मी वेगळे पैसे देऊन घेतलं असतं का, आणि किती महिने?" असं स्वतःला विचारा. तुम्ही वर्षभरात काय पाहिलंत ते लिहिलेलं नाही, तेव्हा उदारपणे दोन महिन्यांचं धरू, 20. मघाचे 60 अधिक हे 20, झाले 80. अजूनही शंभर भरत नाहीत. आणि या जोडसोयी कायम तशाच राहतील याचा भरवसा नसतो. प्राइमच्याच व्हिडिओंमध्ये 2024 च्या सुरुवातीला अमेरिकेत जाहिराती आल्या, आणि त्या नको असतील तर वर आणखी पैसे. फी तीच ठेवून आतली एखादी सोय काढून घेणं हीसुद्धा एक प्रकारची भाववाढच असते.

सेल आधी उघडणं, पॉइंट्स, खास मेंबरांसाठीचे भाव यांचं मूल्य मी शून्य धरते. सेल चार तास आधी बघायला मिळणं हा फायदा दुकानाचा आहे. ज्या पॉइंट्सना मुदत असते आणि जे त्याच दुकानात खर्चावे लागतात, त्यांना पैसे म्हणू नये.

आता सासूबाई. तुमच्या सगळ्या यादीत खरी गरज असलेल्या अशा या 12 ऑर्डरी. एकटं राहणारं वयस्कर माणूस, दर महिन्याला लागणाऱ्या छोट्या वस्तू, दुकानात जायची दगदग. मिस्टर जेव्हा "शुद्ध पैसे घालवणं" म्हणतात तेव्हा त्यांच्याच आईचं हे काम त्यांच्या लक्षात येत नाही, हे त्यांना जरूर ऐकवा. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, तान्हं बाळ आहे, जिथे चालत जाण्याजोग्या अंतरावर दुकान नाही किंवा ज्यांना स्वतःला बाहेर पडणं अवघड आहे, त्यांना मी डोळे झाकून सांगते, मेंबरशिप घ्या आणि हिशेब करत बसू नका. अशा लोकांना उद्या येणारी वस्तू खरोखर उद्या लागते. तुमच्याकडे खोकी दोन दिवस उघडत नाहीत. मग लवकर पोचण्याचे पैसे कशासाठी?

पण सासूबाईंसाठी तुम्ही वार्षिक फी चालू ठेवावी असंही मला वाटत नाही. टिकाऊ वस्तू तीन महिन्यांच्या एकदम पाठवल्या तर 12 ऑर्डरींच्या 4 होतील, आणि ऑर्डर मोठी असल्यामुळे बहुधा त्याही फुकट डिलिव्हरीत बसतील. औषधं असतील तर मात्र मुदत आणि डॉक्टरांची चिठ्ठी बघूनच साठा करायचा, आणि डोस बदलत असेल तर करायचाच नाही. आणखी एक बघा. खातं एक आणि पत्ते दोन, हे तुमच्या मेंबरशिपमध्ये चालतं का? दुसऱ्या पत्त्यावर पार्सल पाठवणं सहसा चालतं. मेंबरशिपचे फायदे वेगळ्या घरातल्या माणसाच्या खात्याला वाटून देणं मात्र कंपन्या बंद करत आल्यात. ॲमेझॉनने अमेरिकेत अशी एक जुनी सवलत ऑक्टोबर 2025 मध्ये काढून टाकली.

ज्या महिन्यात घरात मोठी खरेदी असेल, तेवढ्या एका महिन्याची मेंबरशिप घ्यायची आणि संपली की सोडायची. महिन्याचा दर वर्षाच्या बाराव्या हिश्शापेक्षा जास्त असतो हे खरं, आणि तो मुद्दाम तसा ठेवतात. पण वर्षातून दोनदा घेतलात तरी वार्षिक फीपेक्षा खूप कमी जातात. फक्त घेतल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करून टाका. बहुतेक ठिकाणी भरलेली मुदत संपेपर्यंत फायदे चालू राहतात.

बंद कसं करायचं, यावर थोडं जास्त लिहावं लागतंय, कारण माणसं इथेच दमतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, जून 2023 मध्ये ॲमेझॉनवर खटला भरला. लोकांना त्यांच्या संमतीशिवाय प्राइममध्ये घेतलं आणि बाहेर पडणं जाणूनबुजून अवघड केलं, असा आरोप होता. तक्रारीत वर्णन आहे त्याप्रमाणे बाहेर पडायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय ओलांडावे लागत, आणि कंपनीत या वाटेला चक्क एका प्रदीर्घ ग्रीक महाकाव्याचं नाव होतं. सप्टेंबर 2025 मध्ये 2.5 अब्ज डॉलरवर तडजोड झाली. त्यातले 1.5 अब्ज गिऱ्हाइकांना परत द्यायचे आणि 1 अब्ज दंडाचे. कंपनीने चूक कबूल केली नाही. एवढ्या मोठ्या नावाची ही गत, तर लहानसहान साइटवर काय असेल याचा विचार करा.

म्हणून दोन्ही मेंबरशिप बंद करताना फोनवरून न करता शक्यतो कॉम्प्युटरवर, खात्यात शिरून करा. "तुम्ही हे हे गमावाल" अशी पानं येतील, त्यावर मोठं रंगीत बटण "राहू द्या"चं असेल आणि बंद करण्याचं बटण फिक्या अक्षरांत कोपऱ्यात. मधेच "काही दिवस थांबवा" असा पर्याय पुढे करतील, तो घेऊ नका, कारण थांबवलेलं पुन्हा आपोआप सुरू होतं. शेवटचं पान येईपर्यंत काम झालेलं नसतं. मुदत कोणत्या तारखेला संपतेय हे ज्या पानावर लिहिलेलं असेल त्याचा स्क्रीनशॉट काढा, मेल आली का बघा, आणि पुढच्या महिन्याच्या बँक स्टेटमेंटवर नजर टाका. ॲप काढून टाकलं म्हणजे मेंबरशिप बंद होत नाही. कार्डाची मुदत संपली की सुटलो, असं समजणारेही पुष्कळ आहेत. नव्या कार्डाचा तपशील काही वेळा दुकानापर्यंत आपोआप पोचतो. कपड्यांच्या साइटला मागच्या महिन्यांचे पैसे परत मागायलाही लाजू नका. ट्रायलनंतर एकही फायदा वापरलेला नसेल तर काही कंपन्या देतात. न विचारता मात्र कुणीच देत नाही.

मुलीला रागावू नका. फुकट ट्रायलला कार्डाचा नंबर मागतात तो शेवटचा दिवस आपण विसरणार या भरवशावरच, आणि मोठी माणसंही तिथे फसतात. तिलाच शेजारी बसवून तिच्याच हाताने ती बंद करून घ्या, रागावण्यापेक्षा त्याने जास्त काम होईल. पुढे कधी ट्रायल घ्यावीशी वाटली तर घेतल्या मिनिटालाच नूतनीकरण बंद करायचं. तसं केल्यावर ट्रायल लगेच संपते की मुदतभर चालते, ते तिथल्या अटींत आधी वाचायचं.

तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत. सासूबाईंची पुढची ऑर्डर या मुदतीतच, तीन महिन्यांची एकदम टाका, आणि त्यांना आधी फोन करून काय काय लागणार ते विचारून घ्या, म्हणजे दर महिन्याचं पार्सल आलं नाही म्हणून त्या काळजी करणार नाहीत. तारखेच्या निदान तीन दिवस आधी नूतनीकरण बंद करा. त्यानंतर जे हवंसं वाटेल ते थेट न मागवता कार्टमध्ये टाकून ठेवा, आणि फुकट डिलिव्हरीची रक्कम भरली की मगच ऑर्डर करा. तीन महिन्यांनी त्या कार्टमधून काय काय स्वतःहून काढून टाकलंत आणि डिलिव्हरीचे पैसे खरोखर किती गेले, हे मला कळवा. 25 च्या वर गेले असतील, म्हणजे वर्षाच्या फीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त, तर मेंबरशिप पुन्हा घ्या. मी मिस्टरांना तसं पत्र लिहीन.